ते 'ॲक्सेप्ट'चं बटण लगेच दाबू नका

एअरलाईनचा मेल येतो, 'तुमच्या फ्लाईटच्या वेळेत बदल झाला आहे', खाली नवीन वेळ, त्याच्या खाली ठळक रंगातलं ॲक्सेप्टचं बटण, आणि ही वेळ चालत नसेल तर दुसरी फ्लाईट किंवा रिफंड कसा मागायचा हे एकतर पार तळाला बारीक अक्षरात असतं नाहीतर नसतंच. बहुतेक लोक, तिकीट हातचं जाऊ नये म्हणून, घाईघाईत ते बटण दाबून मोकळे होतात. माझं म्हणणं एवढंच आहे की ते बटण दाबायच्या आधी थांबा, कारण तुमच्या हातात जे काही आहे ते त्या क्षणापर्यंतच आहे. एकदा हो म्हटलं की बहुतेक एअरलाईन्स नंतर काहीही ऐकून घेत नाहीत.

आधी एक सांगते, वेळापत्रक बदललं म्हणून मी भांडायला उठले नाहीये. तिकिटं प्रवासाच्या दहा-अकरा महिने आधी विकायला निघतात, तेव्हाचं वेळापत्रक बरंचसं अंदाजानेच केलेलं असतं. विमान कंपन्यांचे दोन सीझन असतात, मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी, आणि गर्दीच्या विमानतळांवर कोणाला किती वाजताचा स्लॉट मिळणार हे त्या त्या सीझनसाठी ठरतं, म्हणून मार्च आणि ऑक्टोबरच्या आसपास हे मेल जास्त येतात. शिवाय कोणाच्याच हातात नसलेल्या गोष्टी असतात. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपियन विमानांना बंद झालं आणि हेलसिंकी ते टोकियो ही साधारण साडेनऊ तासांची फ्लाईट तेरा तासांच्या आसपास गेली. २०२३ मध्ये प्रॅट अँड व्हिटनी या इंजिनं बनवणाऱ्या कंपनीच्या एका इंजिन-प्रकारात धातूच्या पावडरचा दोष निघाला आणि जगभरात शेकडो विमानं तपासणीसाठी उभी करून ठेवावी लागली. अशा वेळी वेळा बदलणारच, त्याला इलाज नाही.

पण दुसरेही बदल असतात. सकाळची आणि दुपारची अशा दोन फ्लाईट विकायच्या, दोन्ही नीट भरल्या नाहीत की एक काढून टाकायची आणि सगळ्यांना एकीत कोंबायचं. हा सरळ सरळ धंद्याचा निर्णय आहे, आणि तो घेतला तर त्याची किंमत कंपनीने मोजावी, प्रवाशाने नाही. मी तारीख बदलली तर चेंज फी भरायची, वर भाड्यातला फरक भरायचा, आणि कंपनीने बदलली तर 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' एवढंच. हे मला कधीच पटलेलं नाही आणि पटणारही नाही.

आमच्या घरचं सांगते. आईचं तिकीट होतं, एकाच पीएनआरवर दोन फ्लाईट, मध्ये विमान बदलायचं. बुक करताना मुद्दाम मध्ये भरपूर वेळ असलेलं घेतलं होतं कारण तिला व्हीलचेअर लागते. मग पहिली फ्लाईट उशिरा केली, नंतर दुसरी थोडी अलीकडे आणली, आणि होता होता मधला वेळ तासाभराच्याही खाली आला. त्यात टर्मिनल बदलायचं आणि पुन्हा सिक्युरिटी. आई म्हणाली, "अगं, एवढ्या वेळात माझ्याने नाही व्हायचं." तिचं बरोबरच होतं. व्हीलचेअरवाल्या प्रवाशाला विमानातून सगळ्यात शेवटी उतरवतात, म्हणजे सगळी माणसं उतरेपर्यंत तिचा वेळ तिथेच संपत आला असता.

कस्टमर केअरला फोन लावला. गाणं ऐकत बसायचं, मग मेनू, मग परत गाणं, आणि शेवटी माणूस आला तर तो म्हणतो, "मॅडम, बुकिंग कन्फर्म दाखवतंय." मी म्हटलं, कन्फर्म आहे हो, पण आईला ते कनेक्शन मिळणार कसं? तर म्हणे, "सिस्टीम अलाऊ करतेय मॅडम, म्हणजे होऊन जाईल."

हे 'सिस्टीम अलाऊ करतेय' काय असतं ते नंतर समजलं. प्रत्येक विमानतळासाठी कनेक्शनला कमीत कमी किती वेळ लागतो याचा एक आकडा ठरलेला असतो, मिनिमम कनेक्टिंग टाईम म्हणतात त्याला. त्या आकड्याच्या एक मिनिट जरी वर असलं तरी कॉम्प्युटर त्याला चालणारं कनेक्शन धरतो. प्रवासी पंचविशीतला आहे की सत्तरीतला, लहान मूल बरोबर आहे का, चालता येतं का, पहिली फ्लाईट रोज उशिरा येते का, यातलं काहीही तो बघत नाही. एवढं कळल्यावर मी पुढच्या फोनवर हाच शब्द वापरला आणि सांगितलं की आकडा पुरत असला तरी व्हीलचेअरच्या प्रवाशाला हा वेळ पुरणार नाही, याची बुकिंगवर नोंद करा. त्यानंतर बोलण्याचा सूर जरा बदलला. पण फ्लाईट बदलून द्यायचा अधिकार त्या बाईंनाही नव्हता. "सुपरवायझर कॉल बॅक करतील." तो कॉल आला नाही.

आणि माझा खरा राग इथे आहे. फोनवरच्या मुलामुलींवर मुळीच नाही, त्यांना दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या असतात, एक कॉल किती लवकर संपवला यावर त्यांचं काम मोजलं जातं, आणि हातात अधिकार काय तर समोरच्या स्क्रीनवर जे दिसतंय ते वाचून दाखवायचा. ज्याला निर्णय घेता येतो तो माणूस कंपनीत असतो, नक्की असतो, पण त्याच्यापर्यंत आपण पोचू नये अशीच सगळी रचना केलेली आहे. बॉट, मग मेनू, मग फॉर्म, मग 'तुमची तक्रार नोंदवली आहे'. माणसं थकून नाद सोडतात आणि तेवढाच रिफंड वाचतो. हे चुकून झालंय असं मला वाटत नाही.

तिकीट ट्रॅव्हल साईटवरून घेतलेलं असेल तर मग बघायलाच नको. एअरलाईन म्हणते, तिकीट त्यांनी दिलंय त्यांना विचारा, साईट म्हणते, एअरलाईनने परवानगी दिल्याशिवाय आम्हाला काही करता येत नाही. नुसती टोलवाटोलवी. आणि याच्याही आधीचा घोळ म्हणजे कित्येकदा एअरलाईनकडे प्रवाशाचा मेल किंवा फोन नंबर पोचलेलाच नसतो, साईटने स्वतःचाच टाकलेला असतो, त्यामुळे वेळ बदलल्याचं प्रवाशाला कळतच नाही. म्हणून तिकीट कुठूनही घ्या, एअरलाईनच्या स्वतःच्या वेबसाईटवर पीएनआर टाकून आपला नंबर आणि मेल तिथे घाला आणि अधूनमधून वेळ बघत जा. आणि दोन वेगळ्या तिकिटांची आपणच जोडलेली कनेक्शन्स शक्यतो टाळाच, कारण पहिलीमुळे दुसरी चुकली तर दुसरी कंपनी सरळ हात झटकते आणि नियमही तिच्याच बाजूने असतात.

बॉटबद्दल एक गोष्ट लोकांना माहीत असायलाच हवी. २०२४ च्या फेब्रुवारीत कॅनडात एका न्यायाधिकरणाने एअर कॅनडाच्या विरोधात निकाल दिला. वेबसाईटवरच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला घरातल्या मृत्यूनंतर मिळणाऱ्या सवलतीच्या भाड्याबद्दल चुकीचं सांगितलं होतं, आणि कंपनीचा बचाव असा की बॉट जे बोलला त्याला आम्ही जबाबदार नाही. न्यायाधिकरणाने तो मानला नाही, वेबसाईटवर जे काही आहे त्याची जबाबदारी कंपनीचीच, मग ते साधं पान असो की चॅटबॉट. तेव्हा चॅटचे स्क्रीनशॉट ठेवाच, विंडो बंद केली की ते बोलणं परत मिळेलच असं नाही.

आमचं काम शेवटी कशाने झालं तर लेखी आणि नेमकं मागितल्यामुळे. 'काहीतरी करा' असं म्हटलं की कोणीच काही करत नाही. मी त्याच एअरलाईनच्या वेबसाईटवर जाऊन त्याच दिवसाच्या कोणत्या फ्लाईटमध्ये सीट विकायला आहेत ते शोधलं, दोन पर्याय फ्लाईट नंबरसकट लिहिले आणि मेल टाकला की बदल तुम्ही केलाय, जुना वेळ हा होता, नवीन हा आहे, तो आम्हाला मान्य नाही, यातला कुठलाही पर्याय जादा पैसे न घेता द्या, नाहीतर पूर्ण रिफंड द्या. समोरच्याला फक्त हो किंवा नाही म्हणायचं ठेवलं. मग हो आलं.

तरी संपलं नव्हतं. ॲपवर नवीन फ्लाईट दिसायला लागली, पण चेक-इन होईना. बुकिंग आणि तिकीट या दोन वेगळ्या गोष्टी असतात हे बहुतेकांना माहीत नसतं. बुकिंगमध्ये फ्लाईट बदलली तरी मागचं ई-तिकीट नव्याने इश्यू करावं लागतं, ते कोणी केलं नाही तर स्क्रीनवर सगळं छान दिसतं आणि काउंटरवर जाऊन माणूस अडकतो. म्हणून बदल झाला की नवीन ई-तिकीट मागवून घ्या, तेरा आकडी तिकीट नंबर असतो, तो नवीन फ्लाईटच्या समोर आहे ना ते बघा. आणि आईची व्हीलचेअरची रिक्वेस्ट नवीन फ्लाईटवर आलीच नव्हती! सीट, जेवण, व्हीलचेअर, यातलं काहीही आपोआप पुढे जाईल असं धरून चालू नका, प्रत्येक गोष्ट परत विचारून घ्या. म्हाताऱ्या माणसाला दारात उभं करून 'रिक्वेस्ट दिसत नाहीये' म्हणणं याच्याइतकं संतापजनक दुसरं काही नाही.

आता हक्कांचं, कारण तिथेच आपण गप्प बसतो. युरोपचा २६१ नंबरचा नियम २००४ चा आहे आणि फेब्रुवारी २००५ पासून लागू आहे. युरोपियन युनियनमधून निघणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या फ्लाईटला तो लागतो, तिकडे जाणाऱ्या फ्लाईटला मात्र कंपनी तिथली असेल तरच. फ्लाईट रद्द झाली तर रिफंड की दुसरी फ्लाईट हे प्रवासी ठरवतो, आणि १४ दिवसांपेक्षा कमी दिवस आधी कळवलं तर, कंपनीच्या हाताबाहेरचं कारण नसेल आणि जवळच्या वेळेची दुसरी फ्लाईट दिली नसेल तर, अंतराप्रमाणे २५० ते ६०० युरो भरपाई. आणि डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की फ्लाईट एक तासापेक्षा जास्त अलीकडे आणली तर तीसुद्धा रद्द केल्यासारखीच धरायची. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो, कारण 'रद्द कुठे केली, नुसती वेळ बदलली' ही पळवाट तिथे बंद झाली.

अमेरिकेत २०२४ पासून नियम असा आहे की निघायची वेळ बरीच अलीकडे आणली किंवा पोचायची बरीच पुढे गेली, म्हणजे देशातल्या फ्लाईटला ३ तास आणि आंतरराष्ट्रीयला ६ तास, किंवा विमानतळ बदलला, किंवा थांबे वाढवले, आणि प्रवाशाने ते स्वीकारलं नाही, तर नॉन-रिफंडेबल तिकिटाचेही पैसे परत. 'स्वीकारलं नाही तर' हे नीट वाचा. बटणाबद्दल मी सुरुवातीपासून का ओरडतेय ते इथे आहे. भारतात डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमाप्रमाणे फ्लाईट रद्द झाली की पर्यायी फ्लाईट किंवा रिफंड द्यायचा, आणि सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तरी तेच. पण काही तासांनी हलवलेल्या वेळेमुळे कनेक्शनची वाट लागते त्याचं काय, यावर युरोपसारखी ठाम रेघ आपल्याकडे ओढायला हवी, आणि ती फक्त निघायच्या वेळेवर नको, प्रवासी शेवटी पोचतो किती वाजता यावर हवी.

आणि दंड झाला की कंपन्या ऐकतात. २०२२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत साऊथवेस्ट या एअरलाईनचं क्रू नेमायचं काम कोलमडलं, सोळा हजारांवर फ्लाईट रद्द झाल्या आणि वीस लाखांहून जास्त लोक अडकले. वर्षभराने तिथल्या वाहतूक खात्याने १४ कोटी डॉलरचा दंड लावला, आणि तो फ्लाईट रद्द झाल्याबद्दल नव्हता, तर लोकांना मदत केली नाही, वेळेवर कळवलं नाही, रिफंड वेळेत दिले नाहीत याबद्दल होता. म्हणजे कस्टमर केअरचा फोन न उचलणं हा दंडाचा विषय होऊ शकतो. आपल्याकडे झालेला मला बघायचाय.

मागणी फार मोठी नाहीये. त्या मेलमध्ये एकाच्या जागी तीन बटणं द्या, तिन्ही एकाच आकाराची, नवीन वेळ मान्य, दुसरी फ्लाईट हवी, पैसे परत हवेत. तोपर्यंत ज्यांना ज्यांना हा मेल आलाय त्यांनी आधी जुन्या आणि नव्या वेळेचा स्क्रीनशॉट काढा, मग लेखी मागा, नेमकं मागा, आणि उत्तर आलं नाही तर कंपनीच्या नोडल ऑफिसरला, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, मग सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर टाका, कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे डिस्प्यूटही करता येतो. कोणाचं आत्ता असं काही अडकलं असेल तर कमेंटमध्ये लिहा, मेल कसा लिहायचा ते मी सांगते. फक्त पीएनआर आणि तिकीट नंबर इथे उघड टाकू नका, पीएनआर आणि आडनावावर कोणीही तुमचं बुकिंग उघडू शकतं.