मुंजीची वाटी

केक हा मुळात प्रवासाचा पदार्थ नाही. ओव्हनमधून निघून तोंडात जाईपर्यंत मध्ये फक्त सुरी यावी, एवढीच त्याची अपेक्षा असते. आमच्याकडे मध्ये स्कूटर येते, नवरा येतो आणि कर्वेनगर ते कोथरूडमधले यच्चयावत गतिरोधक येतात. सहा वर्षं मी मांडीवर खोका धरून मागे बसते आहे. "हळू" याखेरीज स्कूटरवर आमच्यात दुसरं बोलणं झालेलं नाही.

म्हणून भाचा जेव्हा म्हणाला, "मामी, डिजिटल प्रॉडक्ट विक. एकदा बनवायचं, हजारदा विकायचं. क्रीम वितळायला नको, खोका नको. तू झोपलेली असशील आणि पैसे येत असतील," तेव्हा त्यातल्या 'झोपलेली असशील'वर मी भाळले.

ठरलं. बिनअंड्याच्या पंधरा केकांचं पीडीएफ, किंमत १९९ रुपये. (बाटाच्या चपलांपासून ही युक्ती आपल्याला पाठ आहे, तरी आपण फसतो.)

लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत अडले. मैदा किती? इतकी वर्षं मी तो एका स्टीलच्या वाटीने मोजत आले. वाटी सासूबाईंची. तिच्यावर नाव घातलेलं आहे, पण घासून घासून 'चि.' आणि 'मुंजीनिमित्त' एवढंच उरलंय. मुंज कुणाची, ते त्यांनाही आठवत नाही. माझा सगळा धंदा त्या अनोळखी बटूच्या जिवावर चालला होता.

"मामी, वाटी हे माप नाही. कप लिही," भाचा म्हणाला.

कुठला कप? अमेरिकेतला २४० मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला २५०चा, जपानमधला २००चा. म्हणजे प्रत्येक देश आपापल्या मुंजीची वाटी कवटाळून बसलाय. त्यातही २४०च्या कपात मैदा चाळून अलगद भरला तर १२० ग्रॅमच्या आसपास बसतो आणि दाबून भरला तर दीडशेपर्यंत जातो. शेवटी वजनकाटा आणला. मी मैद्याचे दोन कण काढतेय, एक घालतेय, हे सासूबाईंनी बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "मोड किती देणार? की बांगड्याच करतेस?"

तर, मैदा ग्रॅममध्ये गेला. सोडा आणि बेकिंग पावडर मी 'चमचा' लिहिली. आमच्या घरी चमचा म्हणजे चहाचा, तेवढं न सांगता कळतं. भाच्याला कळलं नाही. त्याने सुबक मांडणी करताना सगळीकडे 'टेबलस्पून' करून टाकलं. चहाचा चमचा ५ मिलिलिटरचा आणि हा १५चा. सोडा तिप्पट!

तेवीस प्रती विकल्या गेल्यावर फोटो यायला लागले. केक आधी झोकात फुगले होते, मग मधोमध खचले होते. रंग गुळाच्या ढेपेसारखा. "चवीला साबणासारखा लागतोय, असाच असतो का?" एकीने नम्रपणे विचारलं. बिघडलेला केक आपण घरात खाऊन टाकतो, ट्रायफलमध्ये दडवतो. बिघडलेलं पीडीएफ कुठे दडवणार? तेवीस जणींना फोन केले. चोविसावी बाई मात्र स्वतःच भांडायला आली. तिला ते बिल्डिंगच्या ग्रुपवर फुकट मिळालं होतं. फुकटात घेतलेल्या मालाबद्दल माणूस किती तावातावाने बोलू शकतो, हे मला तेव्हा कळलं.

झोपेबद्दल म्हणाल तर रात्री साडेअकराला फोन येतो, "काकू, टूथपिक अजून ओलीच निघतेय." दुसरी विचारते, "१९९ भरले, केक कधी पोचेल?" तिसरीकडे ओव्हन नाही. तिला सांगायचं, की कुकरच्या तळाशी मीठ पसर, त्यावर स्टँड ठेव, झाकणाची रिंग आणि शिट्टी काढ, पाणी अजिबात नको. ती पुन्हा फोन करते, "काकू, शिट्टी होतच नाहीये."

दुरुस्त प्रतीत मी सगळं ग्रॅममध्ये दिलं, चमच्यांपुढे 'चहाचा' लिहिलं आणि पहिल्या पानावर, निव्वळ कृतज्ञता म्हणून, मुंजीच्या वाटीचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'पाणी भरून १६५ मिलिलिटर.' तेव्हापासून केकबद्दल कुणी काही विचारत नाही. सगळ्यांना ती वाटी हवी आहे.

नवरा मूळ वाटी आणि पाण्याची बाटली घेऊन तुळशीबागेत गेला. दुकानदारासमोर एकेका वाटीत पाणी ओतून पाहिलं आणि सहाव्या दुकानातून जुळणाऱ्या दोन डझन घेऊन आला. आता वाटी घेतली तर पीडीएफ फुकट. "नाव कुणाचं घालायचं?" सासूबाई विचारताहेत.

काल पहिल्या अकरा पोचवायला निघालो. खोका माझ्या मांडीवर. पहिल्याच गतिरोधकावर आत खणखणाट झाला.

"हळू," मी म्हणाले.

"स्टील आहे," नवरा म्हणाला.