माशाला दोष देऊ नका, रव्याकडे बघा

२०२४ च्या सुरुवातीला गोव्यातल्या म्हापसा पालिकेने गोबी मंच्युरियनच्या गाड्यांवर बंदी घातली आणि त्यावर भरपूर विनोद झाले. बिचाऱ्या फ्लॉवरने कोणाचे काय वाकडे केले होते? खरे तर काहीच नाही. साधा उकडलेला फ्लॉवर १०० ग्रॅम खाल्ला तर जेमतेम २५ कॅलरी पोटात जातात. तक्रार होती ती रंगाची, सॉसची आणि गाड्यावरच्या अस्वच्छतेची. त्याच फ्लॉवरला मैदा आणि कॉर्नफ्लॉवरच्या पिठात बुडवून तळले की ते पीठ तेल पिते, वरून सोया सॉस पडतो, आणि लाल रंग डोळ्यांत भरावा म्हणून आणखी काही.

बाहेर खाताना काय किंवा दुकानातून आणताना काय, मुख्य पदार्थ बहुतेक वेळा निर्दोष असतो. घोळ असतो त्याच्यासोबत येणाऱ्या गोष्टींचा. म्हणून ‘हे खा, ते खाऊ नका’ अशा याद्या मला निरुपयोगी वाटतात. मासे सोडा, पाव सोडा, नारळ सोडा असे गोव्यातल्या माणसाला सांगणारा आहारतज्ज्ञ दुसऱ्या आठवड्यात दिसत नाही.

चायनीज गाड्यावरून आठवले. सगळे अजिनोमोटोला घाबरतात आणि सोया सॉसकडे कोणी बघत नाही. साध्या मिठात वजनाच्या ३९ टक्के सोडियम असते, अजिनोमोटोत १२ टक्के. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात मात्र ९०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम जाते, आणि दिवसभराची मर्यादा आहे २,००० मिलिग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅम मीठ. फ्राइड राइसच्या कढईत तो सॉस चमच्याने मोजून पडत नाही, बाटली उलटी करून पडतो. त्यामुळे ‘अजिनोमोटो नको’ असे सांगून निर्धास्त होण्यापेक्षा ‘सॉस अर्धा घाला’ हे सांगणे जास्त कामाचे.

आता आपली मासळीची थाळी. शीत म्हणजे भात, हुमण म्हणजे नारळाची माशाची आमटी, एक भाजी, तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) सुके नाहीतर तोणाक म्हणजे वाटपाचा रस्सा, किसमूर म्हणजे सुक्या मासळीची कोशिंबीर, लोणचे, पापड, सोलकढी आणि तळलेला मासा. यात मासा उत्तम. १०० ग्रॅम बांगड्यातून १९-२० ग्रॅम प्रथिने मिळतात, शिवाय ओमेगा-३. पण त्याला रव्याचे जाड कवच चढवले की हिशेब बदलतो. तळताना रव्यातले पाणी वाफ होऊन जाते आणि त्या पोकळ्यांत तेल शिरते. तेल १७०-१८० अंशांवर असेल तर कवच पटकन धरते आणि तेल कमी शिरते. दुपारी दीडच्या गर्दीत एकाच तव्यावर आठ-दहा तुकडे टाकले की तेलाचे तापमान पडते, मासा तळण्याऐवजी तेलात मुरतो. थाळीतल्या वाटीत कागदावर ठेवलेला तुकडा उचलल्यावर खालचा कागद पारदर्शक झालेला दिसला, तर नेमके हेच झालेले असते.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप सुचवले आहे. चहाच्या चमच्याने मोजले तर साधारण सहा चमचे, तेही घरातली फोडणी धरून.

यावर उपाय अगदी सोपा आणि आपल्याच भाषेतला: ‘रवो नाका, तव्यार भाज.’ मीठ, हळद, तिखट आणि सोलांचे (आमसुलांचे) पाणी लावून तव्यावर भाजलेला बांगडा कुठलेही चांगले खानावळवाले देतात, फक्त ऑर्डर देतानाच सांगावे लागते. ताट आल्यावर नाही. रेशाद म्हणजे लाल मसाला भरलेला बांगडाही चालेल, त्याला रवा लागत नाही. मात्र त्या मसाल्यात मीठ चढे असते, तेव्हा त्या दिवशी लोणच्याला हात लावू नये.

मिठाचा हिशेब थाळीत सगळ्यात जास्त चुकतो, कारण ते चार ठिकाणांहून येते. पापड, लोणचे, किसमूर आणि आगळाची (कोकमाच्या खारवलेल्या रसाची) कढी. चारांपैकी दोनच निवडायचे, हा माझा सरळ नियम. मी किसमूर आणि कढी ठेवायला सांगेन. पापडात मीठ, पापडखार आणि तेल सोडून सांगण्यासारखे फार काही नसते.

नारळाबद्दल दोन्ही बाजूंनी अतिरेक चालतो. एक गट त्याला अमृत म्हणतो, दुसरा विष. आकडे बघा. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात ३३ ग्रॅम स्निग्धांश, त्यातला ३० ग्रॅमच्या आसपास संपृक्त. हुमणाच्या एका वाटीत ३० ग्रॅम खोबरे वाटून पडले असेल तर ९ ग्रॅम संपृक्त चरबी झाली. वेष्टनांवरच्या टक्केवारीसाठी दिवसाचे जे प्रमाण धरतात ते २२ ग्रॅम. म्हणजे एक वाटी हुमण सहज बसते. हुमणाची दुसरी वाटी, नारळाच्या दुधाची सोलकढी आणि खोबरे पेरलेली भाजी एकाच ताटात आली की बसत नाही. अशा वेळी सोलकढीऐवजी फुटी कढी मागावी. तीच सोलां, तोच लसूण, मिरची, कोथिंबीर. नारळाचे दूध नाही. पचायलाही हलकी.

भात उकडा मागा. भात सोलण्याआधी उकडताना कोंड्यातली ब जीवनसत्त्वे दाण्यात शिरतात, आणि लाल कोंडा राखलेला असेल तर तंतूही मिळतात. सुरयपेक्षा, म्हणजे न उकडलेल्या पांढऱ्या तांदळापेक्षा, तो बरा यात वाद नाही. पण उकडा म्हणून तिसऱ्यांदा वाढून घेतला तर फायदा तिथेच संपला. मधुमेह असलेल्यांनी भाजी आणि मासळी आधी संपवून मग शीत-कढीकडे वळावे. साखर हळू चढते.

सकाळच्या नाश्त्याला भाजी-पाव हा गरिबांचा आणि श्रीमंतांचा एकच पदार्थ. वाटाण्याची पातळ भाजी, आळसांद्यांचे (चवळीचे) तोणाक, मुगाची उसळ या तिन्हींत प्रथिने आणि तंतू भरपूर. बिघडते ते प्रमाण. एका भाजीसोबत तीन पाव आणि वर मिरची भजी, हा नेहमीचा थाट. तो उलटा करायचा: दोन भाज्या, एक पाव. सुकी बटाट्याची असेल तर ती सोडून दोन्ही पातळ घ्या, कारण बटाटा आणि मैदा म्हणजे पिष्टच दुप्पट. रस-ऑम्लेट खाताना रस, म्हणजे ऑम्लेटवर ओततात तो रस्सा, वेगळ्या वाटीत मागा. वर तरंगणारा तेलाचा तवंग चमच्याने बाजूला करता येतो, ऑम्लेटवर ओतल्यावर करता येत नाही.

पोय म्हणजे गोव्याचा कोंड्याचा पाव घेताना एक गोष्ट तपासा. पदेराकडून (पाववाल्याकडून) आलेली पोय बाहेरून कोंड्याने माखलेली असते आणि आपण ‘गव्हाची आहे’ म्हणून खूश होतो. ती फाडून आत बघा. आतले पीठ तपकिरी, कोंड्याचे ठिपके असलेले असेल तर गव्हाचे पीठ खरेच आहे. आत पांढरीशुभ्र निघाली तर तो मैद्याचा पाव आहे, वरून कोंडा भुरभुरलेला. सुपरमार्केटातल्या ब्राउन ब्रेडचेही तेच. तिथे फाडून बघण्यापेक्षा घटकांची यादी वाचा. पहिला शब्द मैदा आणि शेवटाकडे कॅरमल रंग दिसला तर तपकिरीपणा कुठून आला हे कळले.

तळणीच्या तेलाला कायद्याने मर्यादा आहे. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमाप्रमाणे तेलातली ‘टोटल पोलर कंपाउंड्स’, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारी द्रव्ये, २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरता येत नाही. गाड्यासमोर उभे राहून कोणी ते मोजणार नाही, पण खुणा दिसतात: तेल काळपट आणि घट्ट, भजी टाकल्यावर वर साबणासारखा बारीक फेस जो विरत नाही, आणि कढई नीट तापायच्या आधीच धूर. यातली दोन लक्षणे दिसली तर तिथे पातळ भाजी आणि पाव घ्या, तळणीला रामराम. वडे-भजी खायचीच असतील तर जिथे खप जास्त तिथे खा. जिथे माल दुपारपासून काचेत पडून असतो, तिथे तो गिऱ्हाईक आल्यावर त्याच तेलात दुसऱ्यांदा बुडतो.

दुकानात गेल्यावर पाकिटाची पुढची बाजू वाचूच नका. ती जाहिरात असते. मागे वळवा आणि क्रमाने तीन जागा बघा.

आधी घटक. ते वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक आहे. ‘नाचणी बिस्किटे’ लिहिलेल्या पाकिटावर मैदा, साखर, पाम तेल आणि मग नाचणी असा क्रम असेल तर ती मैद्याची बिस्किटे. साखर लपवायची एक जुनी युक्तीही ओळखून ठेवा. साखर, ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, गूळ असे चार-पाच तुकडे केले की प्रत्येक तुकडा यादीत खाली सरकतो. सगळे मिळून कदाचित पहिल्या क्रमांकावर आले असते.

मग १०० ग्रॅमचा रकाना. ‘प्रति सर्व्हिंग’चा नको, कारण सर्व्हिंग किती ग्रॅमचे हे कंपनी ठरवते. १५ ग्रॅम चिवडा खाऊन थांबणारा माणूस अजून जन्मायचा आहे. चांगले-वाईट ठरवायला ब्रिटनमधली पद्धत सोपी पडते: १०० ग्रॅममध्ये साखर २२.५ ग्रॅमवर, एकूण चरबी १७.५ वर, संपृक्त चरबी ५ वर, किंवा मीठ १.५ ग्रॅमवर असेल तर लाल दिवा. आपल्याकडे मीठ नव्हे, सोडियम छापतात. त्याला अडीचने गुणायचे. समजा शेवेच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम आहे. गुणिले अडीच म्हणजे २ ग्रॅम मीठ, लाल.

शेवटी दावे. ‘हाय फायबर’ म्हणायला १०० ग्रॅममध्ये किमान ६ ग्रॅम तंतू लागतात, ‘लो फॅट’ला स्निग्धांश ३ ग्रॅमच्या आत, ‘लो शुगर’ला साखर ५ ग्रॅमच्या आत. ‘मल्टिग्रेन’, ‘नॅचरल’, ‘आजीच्या हातचे’ या शब्दांवरून मात्र साखर, मीठ किंवा तेलाबद्दल काहीच कळत नाही. मुलांच्या दुधातल्या पावडरींना ऑनलाइन विक्रीत ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणू नका असे एफएसएसएआयने २०२४ मध्ये सांगितले, आणि त्याच वर्षी पाणी घालून परत तयार केलेल्या रसावरचा ‘१०० टक्के फळांचा रस’ हा मजकूर काढायला लावला. घरात मात्र अजूनही पाहुण्याला तोच खोका ‘ज्यूस’ म्हणून दिला जातो.

कोकमाबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण इथे घरोघरी गल्लत होते. सोलां, आगळ आणि कोकम सरबताचे सिरप हे तीन वेगळे पदार्थ आहेत. आगळात मीठ भरपूर, सिरपात साखर भरपूर. रक्तदाब असलेल्याने आगळाची कढी रोज पिऊ नये आणि मधुमेह असलेल्याने ‘कोकम थंड असते’ म्हणून सिरपाचे सरबत पिऊ नये. दोघांनाही चालेल ते सोलांचे पाणी. आठ-दहा सोलां एका तांब्या पाण्यात दोन तास भिजवायची, कुस्करून गाळायचे, किंचित जिरेपूड. सोलांना सुकवताना मीठ लावलेले असते, म्हणून वरून घालायचे नाही. एरवी शहाळे. कोल्ड्रिंकच्या ३०० मिलिलिटरमध्ये ३० ग्रॅमच्या वर साखर असते, सात-आठ चमचे. उर्राकच्या (काजूच्या बोंडांच्या दारूच्या) दिवसांत लिंबाच्या गोड सोड्यातून जाते तीही हीच साखर, हे उर्राकप्रेमींनी मोजावे. साधा सोडा, लिंबू आणि चिरलेली मिरची यावर काम भागते.

भाजीसाठी फलोत्पादन महामंडळाचे गाळे स्वस्त पडतात, पण तिथला बराच माल बेळगावाकडून येतो. गावठी हवी तर म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, किंवा रस्त्याकडेला टोपली घेऊन बसलेली बाई. मुळांसकट जुडी बांधलेली तांबडी भाजी, सात शिरांची भेंडी, आगशीची वांगी हा थंडी-उन्हाळ्याचा माल. पावसाळ्यात तायखिळा (टाकळा), तेरे (रानअळू), आकूर या रानभाज्या. तेऱ्यात ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, घसा खाजतो तो त्यांमुळे. म्हणून ते चांगले शिजवायचे आणि आंबटपणासाठी आंबाडे, बिंबले किंवा सोलां घालायची. घाईत अर्धवट शिजवले की घरातली मुले तेरे कायमचे सोडतात.

मासळी घेताना २०१८ च्या फॉर्मेलिन प्रकरणापासून (मासे टिकवायला हे रसायन लावल्याच्या संशयापासून) सगळे कल्ले उघडून बघायला शिकले, हे चांगले झाले. लाल कल्ले, फुगीर स्वच्छ डोळे, बोट दाबल्यावर परत वर येणारे मांस. पण बांगडा, तारले (सार्डिन) आणि कुपा (ट्यूना) यांच्याबाबतीत दिसण्यावर पूर्ण विसंबू नका. हे मासे बर्फाविना तापले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होते, आणि ते तळून किंवा उकळून नष्ट होत नाही. खाल्ल्यावर थोड्या वेळात तोंड लाल, अंगावर पित्त, डोके ठणकणे. लोक त्याला ‘मासे बाधले’ म्हणतात. टोपलीत माशांवर आणि माशांखाली बर्फ आहे का ते बघा, घरी नेताना पिशवीत बर्फ मागा, वाटेत दोन कामे करत बसू नका. गरोदर बाईसाठी इसवणीसारख्या (सुरमईसारख्या) मोठ्या माशाऐवजी तारले-बांगडे घ्या. मोठ्या शिकारी माशांत पारा जास्त साचतो.

१ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात. त्या दिवसांत ‘ताजी इसवण’ म्हणून मिळते ती बहुधा शीतगृहातली किंवा बाहेरून आलेली. गोठवलेली खायला हरकत नाही, ताज्याचा भाव देऊ नका. खारे बांगडे काढणार असाल तर अर्धा तास पाण्यात ठेवा, ते पाणी टाका, परत अर्धा तास. मग कढीत मीठ घालायच्या आधी चव घ्या, बहुतेक वेळा लागत नाही.