लुटीची बोरं

आमच्या वर्धा जिल्ह्यात बोर नावाची नदी आहे, तिच्यावर बोर धरण आहे आणि २०१४ पासून बोर व्याघ्र प्रकल्पसुद्धा आहे. एवढं असून नातवाच्या लुटीला डबाभर बोरं मिळू नयेत?

लूट म्हणजे पुण्यामुंबईकडचं बोरन्हाण. संक्रांत ते रथसप्तमीच्या दरम्यान पोराला काळं झबलं नि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं, डोक्यावरून बोरं-मुरमुरे ओतायचे आणि मोहल्ल्यातल्या पोरांनी ते लुटायचे. बाजारातून बोरं मी आणली होती. अ‍ॅपल बोर, हिरवीगार, एकेक लहान पेरूएवढं. सौभाग्यवतींनी त्यातलं एक तळहातावर तोललं, दुसऱ्या हाताने नातवाची टाळू चाचपली आणि विचारलं, "लूट करून राहिलो का दगडफेक?"

गावरानीच पाहिजे होती. म्हणजे आमच्या वावराच्या धुऱ्यावरची बोराटी. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला घरात 'वेळ नाही' हे वाक्य वापरता येत नाही. तेव्हा टोपी घातली, दुपट्टा गुंडाळला, डबा उचलला आणि पांदणीने निघालो.

मनात थोडी ऐटही होती. इंग्लंडात राहणाऱ्या भाच्याने ऑगस्टमध्ये व्हिडिओ कॉलवर रस्त्याकडेची ब्लॅकबेरीची जाळी दाखवली होती. काटेरी वेल्हाळ फांद्या, त्यावर काळेभोर घोस, आणि हा डबा घेऊन आरामात तोडतोय. तिकडे म्हणे २९ सप्टेंबरनंतर ती तोडत नाहीत, त्या दिवसापासून सैतान त्यांच्यावर थुंकतो अशी जुनी समजूत. आपल्याकडे तुळशीचं लग्न लागेपर्यंत बोर तोंडात घालायचं नाही. त्यांचा नियम हंगाम संपतानाचा, आपला सुरू होतानाचा. मला वाटलं, भाच्याला जमतं तर मामाला काय धाड भरली?

बोरीचा काटा ज्याने जवळून पाहिला नसेल त्याच्यासाठी सांगतो. काटे जोडीने असतात. एक सरळ, सुईसारखा. दुसरा मागे वळलेला, मांजरीच्या नखासारखा. सरळ काटा हात आत जाताना भेटतो, पण त्याचं एवढं काही नाही, तो टोचतो आणि विषय संपतो. वाकडा मात्र हात बाहेर काढताना भेटतो. मुक्कामी थांबा म्हणून आग्रह करणाऱ्या सासरवाडीसारखा. बाही सोडवावी तर दुपट्टा अडकतो, दुपट्टा सोडवावा तर कॉलर. शबरीच्या उष्ट्या बोरांचं सगळे कौतुक करतात, तिच्या ओरबाडलेल्या हातांबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

पिकलेली, लालसर, सुरकुतलेली बोरं अर्थातच मधोमध होती. पाऊण तासाचा हिशेब असा (जुनी सवय): हाती आलेली ३१, चाखण्यात गेली ९, अळीची निघाली ५, शिल्लक १७. टोपी वरच्या फांदीने काढून घेतली होती आणि ती माझ्यापासून वीतभर उंचीवर लोंबत होती. मी पुढे जाऊ शकत नव्हतो, मागे येऊ शकत नव्हतो, खाली बसायची तर सोयच नव्हती. शेजारच्या वावरात बाया कापूस वेचत होत्या. हाक मारू की नको, या विचारात आणखी दहा मिनिटं गेली. शेवटी त्यांच्यातल्याच एकीने पाहिलं.

"काहून बाबाजी, अटकले का?"

"नाही नाही, बोरं तोडतोय."

ती ओटीसकट आली. मागोमाग बाकीच्याही आल्या, कारण असा तमाशा रोज थोडाच असतो. "मागं नका ओढू जी, पुढं सरका," ती म्हणाली. पुढं म्हणजे काट्यांतच. पण सरकलो आणि खरंच, वाकडे काटे एकेक करून आपोआप सुटले. मग तिने माझाच दुपट्टा झाडाखाली अंथरला, तुऱ्हाटी घेतली आणि फांद्यांवर चार-सहा दणके घातले. टपटप टपटप! दुपट्टा लाल झाला.

"बोरं तोडाची नसतात बाबाजी, झोडपाची असतात."

टोपीही तुऱ्हाटीनेच उतरवून दिली. डबा भरून घरी आलो तेव्हा पायात चप्पल भेदून गेलेला एक काटा होता. तो टाचेतच मोडला. म्हाताऱ्या काकूने त्यावर रुईचा चीक लावला आणि मला ओसरीत बसवून ठेवलं.

लूट जोरात झाली. नातू पाटावर गंभीर चेहऱ्याने बसला. डोक्यावरून बोरं, मुरमुरे, उसाचे तुकडे ओतले. आणि सुनेने हळूच चॉकलेटंही. मोहल्ल्यातली पोरं तुटून पडली. अर्ध्या मिनिटात चॉकलेटं संपली. मुरमुरे पायाखाली तुडवले गेले. सतरंजीवर उरली ती बोरं, जवळपास सगळी.

ती पदरात गोळा करत सौभाग्यवती म्हणाल्या, "बरं झालं. उन्हात टाकते, बोरकूट होईल. पण एवढ्यानं काय होते? अजून एक डबा लागन."

मी टाच दाखवली.

"मग चपलेऐवजी बूट घाला," त्या म्हणाल्या.