सदाफुलीत औषध आहे, पण पानं चावून ते मिळत नाही

"रोज उपाशीपोटी सदाफुलीची पाच पानं चावा, कॅन्सर मुळापासून जातो. केमो म्हणजे विष. औषध कंपन्या हे लपवतात." गेल्या आठवड्यात हा मेसेज मला तिघांनी पाठवला. त्यातल्या एकीच्या घरी पेशंट आहे, म्हणून हे लिहायला बसले.

सदाफुलीत कॅन्सरवरचं औषध आहे, हे अगदी खरं. 1950 च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर ही वनस्पती तपासत होते, तेही मधुमेहासाठी. अर्क पाजला तेव्हा उंदरांच्या रक्तातल्या साखरेवर काहीच फरक पडला नाही. तोच शिरेतून टोचला, तर पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या आणि उंदीर जंतुसंसर्गाने मेले. पेशी घटवणाऱ्या याच गुणातून व्हिन्ब्लास्टिन हे कॅन्सरवरचं औषध हाती लागलं, पुढे व्हिन्क्रिस्टिन. ही दोन्ही आजही शिरेतूनच देतात.

आता ती पाच पानं. एक ग्रॅम व्हिन्ब्लास्टिनसाठी साधारण 500 किलो सुकी पानं लागतात. दवाखान्यातल्या छोट्या कुपीत 10 मिलीग्रॅम औषध असतं, म्हणजे एका कुपीमागे पाच किलो सुकी पानं! तळहातावरच्या पाच पानांना वजन ते किती? शिवाय पानात हा एकच घटक नसतो, इतर कितीतरी अल्कलॉइड, म्हणजे शरीरावर परिणाम करणारी वनस्पतीतली रसायनं, असतात. पानं खाऊन उलट्या होऊ शकतात, रक्तदाब उतरू शकतो.

"केमो विष" म्हणणाऱ्यांना हे ठाऊकच नसतं की व्हिन्क्रिस्टिन हीच केमो आहे, आणि ती याच झाडातून येते. पेशी दुभंगताना जे सूक्ष्म धागे तयार होतात, ते हे औषध जुळू देत नाही, त्यामुळे पेशी दुभंगूच शकत नाही. निरोगी पेशींनाही त्याची झळ बसते, हातापायांना मुंग्या येतात. म्हणून तर डोस मिलीग्रॅममध्ये मोजतात.

लपवण्याचं म्हणाल, तर उलटंच घडलंय. नंदुरबारला जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनी यू नावाच्या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल हे कॅन्सरवरचं दुसरं औषध वेगळं केलं, 1971 साली त्याची रचना सगळ्यांसमोर छापली. 1992 मध्ये अमेरिकेत अंडाशयाच्या कॅन्सरसाठी त्याला मान्यता मिळाली.

घरात कुणी पानं चावायला लागलंच असेल, तर त्यांना ओरडू नका. पण केमोच्या डॉक्टरांना आजच सांगा. पुढच्या रक्ततपासणीत पेशी घटलेल्या दिसल्या, तर कारण शोधताना त्यांना हे माहीत असायला हवं.