ओला टॉवेल

आमची गाडी सकाळी अर्ध्या सेल्फमध्ये चालू होते. रात्रभर उभी असू दे, आठवडाभर उभी असू दे, किल्ली फिरवली की चालू. रस्त्यावर पळतानाही तिची कधी तक्रार नाही. घाट चढवा, एसी लावा, मागे चार माणसं कोंबा, हूं की चूं करत नाही. बंद करून दोन मिनिटांत परत चालू केली तरी चालू. एकच गोष्ट करायची नाही. तापलेली गाडी बंद केली की साधारण पंधराव्या मिनिटापासून चाळिसाव्या मिनिटापर्यंत तिला हात लावायचा नाही. लावलाच, तर सेल्फ फिरतो, खर्र खर्र खर्र, पण इंजिन काही पकडत नाही.

आता माणसाची बाहेरची कामं किती वेळाची असतात? भाजी, वीस मिनिटं. बँकेत केवायसी, पंचवीस. ‘बसत नाही हं, नुसते पेढे द्यायला आलोय’, अर्धा तास. म्हणजे संसारातलं प्रत्येक काम नेमकं गाडीच्या राहुकाळात. शेवटी आम्हीच गाडीला जुळवून घेतलं. पेढे द्यायला गेलो की एकतर दारातूनच पळायचं, नाहीतर जेवूनच उठायचं. यामुळे दोन घरांत आम्ही शिष्ट ठरलो आणि तीन घरांत निर्लज्ज.

गेल्या मे महिन्यात सोलापूरला साखरपुड्याला निघालो होतो. पुढच्या सीटवर सासरे, मागे बायको, सासूबाई आणि आहेराची पिशवी. भिगवणला जेवायला थांबायचं हे पुण्यातच ठरलेलं. उजनीची तळलेली चिलापी समोर आल्यावर घड्याळाकडे बघायचं भान मला राहिलं नाही. हात धुऊन गाडीत बसलो तेव्हा बरोब्बर पंचवीस मिनिटं झाली होती. बाहेर ऊन असं, की दाराच्या हँडलला रुमालातून हात लावावा लागत होता.

खर्र खर्र खर्र.

“थांबा जावईबापू,” सासरे म्हणाले. त्यांच्या आवाजात काळजी नव्हती, उत्साह होता. “एअर लॉक झालाय. डिकीतला टॉवेल काढा.”

सासऱ्यांनी पंचवीस वर्षं कार्बोरेटरची गाडी चालवली. त्या काळी पेट्रोलचा पंप इंजिनालाच बोल्टने बसवलेला असायचा. पेट्रोलमधला हलका भाग पस्तीस-चाळीस अंशांना उकळायला लागतो. गाडी बंद केली की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, वारा तर नसतोच. नव्वद अंशांच्या इंजिनातली धग मग बोनेटखालीच कोंडते आणि पुढची काही मिनिटं आतलं तापमान उतरायच्या ऐवजी चढतं. पंपात पेट्रोलची वाफ झाली की पंप नुसती वाफच दाबत बसतो. हाच सासऱ्यांचा एअर लॉक. त्यावर उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं. अगदी शास्त्रशुद्ध उपाय. उभ्या महाराष्ट्रातल्या घाटांत त्या काळी गाड्यांच्या डोक्यावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात तशी फडकी ठेवली जायची.

पण २००० सालानंतर धुराचे नियम कडक झाले, हळूहळू कार्बोरेटर गेला आणि पंप टाकीत जाऊन बसला. आमच्या गाडीत तो मागच्या सीटखाली आहे. म्हणजे त्या क्षणी सासूबाई त्यावर बसल्या होत्या.

“बाबा, या गाडीत पंप मागे असतो,” मी म्हटलं.

“असेल. पण गरम तर पुढे झालंय ना?”

याला उत्तर नव्हतं. हॉटेलातून कळशीभर पाणी आलं. सासऱ्यांनी टॉवेल भिजवला, पिळला, झटकला, चारी घड्या नीट घातल्या आणि इंजिनावर जो पहिला चौकोनी डबा दिसला त्यावर पसरला. तो एअर फिल्टरचा होता. दहा मिनिटांनी टॉवेल उलटा केला. भोवती सात-आठ जण जमले. “धक्का मारू का साहेब? सेकंडवर टाका आणि क्लच सोडा.” चौघांनी उन्हात पन्नास पावलं गाडी ढकलली. मी सेकंडवर टाकून क्लच सोडला. गाडीने आचका दिला आणि जागीच बसली. परत ढकलून सावलीत आणली. टॉवेल परत ओला झाला.

“आता मारा सेल्फ.”

चालू! जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. सासऱ्यांनी टॉवेल पिळून खांद्यावर टाकला आणि सोलापूरपर्यंतच्या दीडशे किलोमीटरमध्ये ते त्या विषयावरून एकदाही हलले नाहीत. साखरपुड्यात नवऱ्या मुलाच्या वडिलांनाही टॉवेल सांगून झाला.

या आजाराची गोम इथेच आहे. गाडी चाळीस मिनिटांनी आपली आपण चालू होते. त्यामुळे पंचवीस मिनिटांनी बंद पडलेल्या गाडीवर पंधरा मिनिटं चालणारा कोणताही उपाय करा, लागू पडतोच. सोसायटीच्या वॉचमनने बॅटरीची टर्मिनलं घासली, चालू. शेजारच्यांनी किल्ली दहा वेळा मागेपुढे करायला लावली आणि दर वेळी टाकीतल्या पंपाची गूं ऐकली, चालू. सासूबाईंनी नारळ फोडला. (तो नीट फुटेना, म्हणून चालूही लवकर झाली असं वाटलं.) आमची गाडी बरी केलेली किमान नऊ माणसं आज हयात आहेत आणि आपापल्या उपायावर ठाम आहेत.

मेकॅनिकची कथाही वेगळी नाही. पहिल्यांदा तो म्हणाला, “गरम असताना आणा.” चाळीस किलोमीटर उगाच फिरवून नेली, तर तो जेवायला गेलेला. परत आला तोवर गाडी निवलेली. दुसऱ्यांदा त्याला समोर बसवून ठेवला आणि बाविसाव्या मिनिटाला सेल्फ मारला. गाडी चालू होऊ नये म्हणून देवाला हात जोडण्याचा माझा तो पहिलाच प्रसंग. झाली नाही! मला इतका आनंद झाला की मी त्याच्यासाठी चहा मागवला. त्याने प्लग काढले, ब्रशने घासले, फुंकर मारून परत बसवले. झाली अर्ध्या तासात चालू. “प्लगच होते साहेब.” पुढच्या खेपेला फिल्टरच होता. मग रिलेच होता. मग पंपच होता. मग बॅटरीच होती. एकूण साडेचौदा हजार रुपये.

रोग सापडला तो एका वायरमनला, म्हणजे गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करणाऱ्याला. टपरीएवढं दुकान, बोलणं कमी. त्याने बोनेट उघडलंच नाही. खिडकीतून आत डोकावून त्याने एवढंच विचारलं, “सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलतो का?”

इंजिन किती वेगाने फिरतंय ते दाखवणाऱ्या त्या काट्याकडे आठ महिन्यांत कोणी पाहिलं नव्हतं. सगळे बोनेटमध्ये वाकलेले आणि मी आत बसून आभाळाकडे बघत असलेला. गाडी तापलेलीच होती, सेल्फ मारला. काटा शून्यावर मेल्यासारखा पडून.

“क्रँक सेन्सर,” तो म्हणाला.

इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाच्या, म्हणजे फ्लायव्हीलच्या, दातांसमोर अंगठ्याएवढा एक सेन्सर बसलेला असतो. इंजिन फिरतंय की नाही, कुठला पिस्टन कुठे आहे, हे तो गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो. तो गप्प बसला की कॉम्प्युटरच्या लेखी इंजिन फिरतच नसतं, मग तो ना पेट्रोल देत ना ठिणगी. मग सेल्फ मारा, नाहीतर अख्ख्या भिगवणने मिळून धक्का मारा. स्कॅनरला तरी सापडायला हवं होतं, पण मेकॅनिकने दोनदा लावला तो गाडी गार असताना आणि दोन्ही वेळा तो ‘सर्व क्षेम’ म्हणाला.

मी म्हटलं, “नक्की ना? याआधी पाच वेळा नक्की झालंय.” त्याला राग आला असावा. त्याने सेन्सर काढून बाकावर ठेवला, तो निवू दिला, मीटर लावला आणि विचारलं, “घरी केस वाळवायचं मशीन आहे का?”

बायकोचा हेअर ड्रायर तिच्या मावसभावाने दुबईहून आणलेला होता. ती क्लासला गेली होती म्हणून विचारायचं राहिलं. सेन्सरवर गरम हवा सोडली. मीटरवर ८६० ओहम. मग ९४०. मग १०१०. मी श्वास रोखून बसलो होतो. आणि एकदम सगळे आकडे गेले, डाव्या कोपऱ्यात नुसता १ उरला. म्हणजे आतल्या गुंडाळीची तार तुटली होती. गार असताना दोन्ही टोकं एकमेकांना टेकायची, तापली की फाकायची. ड्रायर बाजूला घेतला, चहा होईपर्यंत परत ८७०. नवा सेन्सर साडेअकराशे रुपये, मजुरी दोनशे.

गाडी आता केव्हाही चालू होते. सासऱ्यांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, “सेन्सरसुद्धा टॉवेलनेच गार झाला असणार.” टॉवेल अजून डिकीत आहे.

ड्रायर मात्र त्या दिवशी बहुधा जास्तच वेळ चालला. काल बायको ओल्या केसांनी तो हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. “याला काय झालंय कळत नाही. चालू होतो, पण तापला की बंद पडतो. मग वीस मिनिटांनी आपला आपण चालू होतो.”

मी तिला एवढंच म्हटलं, हे बाबांना सांगू नकोस.