गालावरची साखर

क्रीमच्या घटकांत 'सुक्रोज', म्हणजे साधी साखर, दिसलं म्हणून मैत्रिणीने नवीकोरी डबी बाजूला ठेवून दिली. साखरेने त्वचा लवकर म्हातारी होते, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. वाचलेलं खोटं नाही, पण ते रक्तातल्या साखरेबद्दल आहे. रक्तात साखर सतत चढलेली राहिली की ती कोलॅजेनला, म्हणजे त्वचा घट्ट ठेवणाऱ्या प्रथिनाला, चिकटते आणि कोलॅजेन ताठर होतं. यालाच ग्लायकेशन म्हणतात. क्रीममधली साखर वरच्या वर राहते, पाणी धरून ठेवते. ग्लिसरीन करतं तेच काम. तेवढ्याने ना रक्तातली साखर वाढते, ना सुरकुत्या पडतात.

मला राग आहे तो स्क्रबवर, कारण हा उद्योग मी स्वतः करून बसले आहे. साखरेत लिंबू पिळलं आणि भांडं घासावं तसे गाल घासले. 'घरचंच तर आहे, काय होणार!' दुसऱ्या दिवशी साधं पाणी लागलं तरी झोंबत होतं.

साखरेचा दाणा एकदा भिंगाखाली धरून बघा. टोकदार कोपरे, धारेच्या कडा, आकार साधारण अर्धा मिलिमीटर. आणि चेहऱ्यावरचा मृत पेशींचा थर मिलिमीटरच्या एक-दोन शतांश जाडीचा! त्यात लिंबाचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) 2 च्या आसपास, त्वचेचा 5 च्या. गाल सोलवटणार नाहीत तर काय?

एक मात्र मानायला हवं, साखर विरघळते. पाणी लागलं की कडा बोथट होतात आणि धुतलं की मागे काही उरत नाही. स्क्रबमध्ये घालायचे त्या प्लास्टिकच्या बारीक मण्यांचं तसं नव्हतं. ते पाण्यात तसेच राहतात म्हणून अमेरिकेने 2015 मध्ये कायदा करून धुऊन टाकायच्या उत्पादनांत त्यांना बंदी घातली.

'साखरेपासून बनवलेलं, म्हणून सौम्य' या जाहिरातीवरही डोळे झाकून विश्वास नको. फेसवॉशमधलं मळ काढणारं डेसिल ग्लुकोसाइड ग्लुकोजपासूनच बनतं, बहुतेकांना चालतंही. तरी अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संघटनेने 2017 मध्ये त्याच्या सगळ्या कुळालाच 'वर्षाचा ॲलर्जीकारक घटक' ठरवलं होतं.

मैत्रिणीने डबी पुन्हा उघडली आहे. माझ्या स्क्रबची बरणी आता टाचांपुरती, तीही कोरड्या चमच्याने. ओली बोटं घालून साखर पातळ झाली की बुरशीचं आयतंच फावतं.