राउटरला पिन टोचण्याआधी

घरच्या कॉम्प्युटरवर नेट बंद पडलं की काय करायचं, याचा एक फॉरवर्ड आमच्या परभणीतल्या ग्रुपांवर वरचेवर येतो. कॉलनीचा ग्रुप, शिक्षकांचा ग्रुप, पाहुण्यारावळ्यांचा ग्रुप, कुठलाच सुटलेला नाही. त्यात पाच गोष्टी सांगितल्यात. राउटरच्या मागच्या भोकात पिन घालून रीसेट करा. फायरवॉल आणि अँटिव्हायरस बंद करा. डीएनएस ८.८.८.८ टाका, स्पीड दुप्पट होईल. ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरचे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम, अपडेट करणारं फुकट सॉफ्टवेअर उतरवा. आणि एवढं करून नेट आलं नाही तर दोष कंपनीचाच. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण बिघाड नेमका कुठं आहे ते आधी बघा, असं त्यात कुठंच नाही. घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो.

सगळ्यात जास्त नुकसान पिनेचं. राउटर बंद करून चालू करणं वेगळं आणि रीसेट करणं वेगळं. बटण बंद करून अर्धा मिनिट थांबलात आणि परत चालू केलंत तर आतलं काही पुसलं जात नाही, आणि पुष्कळदा तेवढ्यावरच काम भागतं. पिन मात्र दहाएक सेकंद दाबून धरली की डबी कारखान्यातून आली तशी कोरी होते. वायफायचं नाव आणि पासवर्ड गेला तर तो पुन्हा टाकता येतो. पण फायबरच्या कनेक्शनवर जोडणीच्या दिवशी केबलवाल्यानं आत भरलेला पीपीपीओईचा, म्हणजे कंपनीच्या लाइनवर लॉगिन होण्याचा, युजरनेम-पासवर्ड आणि व्हीलॅनचा, म्हणजे त्या लाइनवरच्या आपल्या वाटेचा, नंबरही जातो, आणि तो घरात कुणी लिहून ठेवलेला नसतो. काही कंपन्या ही सेटिंग लांबूनच परत भरतात, सगळ्या नाही. मग केबलवाल्याचा पोरगा येईपर्यंत बसा वाट बघत. तो पाथरी-मानवतकडे गेलेला असला तर तो दिवस गेलाच समजा.

पिन हुडकण्यापेक्षा डबीवरचे दिवे बघा. 'पॉन'चा हिरवा दिवा स्थिर असेल तर फायबरमधला उजेड घरापर्यंत पोहोचतोय. 'एलओएस'चा दिवा लाल लुकलुकत असेल तर तो पोहोचत नाही. बाहेर कुठं रस्त्याच्या कामात जेसीबीखाली तार गेली असेल, नाहीतर घरातच कपाट सरकवताना तिला घट्ट मुडप पडली असेल. तार काचेची आहे, वळण फार घट्ट झालं की उजेड निसटून जातो. मुडप सोडवून बघा. तरीही लाल राहिला तर घरात करण्यासारखं काही नाही, तक्रार नोंदवायची. तारेचं टोक काढून डोळ्यापुढं मात्र धरू नका. त्यातला उजेड डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो.

आता 'दोष कंपनीचाच' हा शेवटचा मुद्दा इथंच घेतो, कारण तो तपासायला पाच मिनिटं पुरतात. त्याच वायफायवर मोबाइल लावा आणि मोबाइलचा डेटा बंद ठेवा. मोबाइलवर नेट चालतंय आणि कॉम्प्युटरवर नाही, तर कंपनीचा काही संबंध नाही. मग विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग टाका, इंग्रजीत, सलग. आयपीव्ही४ समोर १६९.२५४ नं सुरू होणारा आकडा दिसला तर कॉम्प्युटरला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही: केबल ढिली आहे, किंवा वायफाय नुसतं जोडल्यासारखं दिसतंय. १९२.१६८ नं सुरू होणारा असेल तर 'डिफॉल्ट गेटवे'समोरच्या आकड्याला, म्हणजे राउटरच्या पत्त्याला, पिंग करा. पिंग म्हणजे त्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का ते बघणं. तिथून उत्तर आलं म्हणजे राउटरपर्यंतची वाट नीट आहे. त्यानंतर ८.८.८.८ ला पिंग करा.

हा आकडा गुगलच्या डीएनएसचा, २००९ पासूनचा. डीएनएसचं काम साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता काढून देणं, एवढंच. या आकड्याला पिंग जातं पण नावानं एकही साइट उघडत नाही, अशा वेळी डीएनएस बदलला तर खरोखर फरक पडतो. पण १०० एमबीपीएसचा प्लॅन त्यानं २०० चा होत नाही. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, आणि डाउनलोडच्या खिडकीत तोच आकडा दिसतो म्हणून स्पीड कमी आहे असं पुष्कळांना वाटतं.

फायरवॉल बंद करण्याचा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो. विंडोजची फायरवॉल मुळात बाहेर जाणारी वाहतूक अडवतच नाही, आत येणारी अडवते. ती काढून नेट चालू होण्याची शक्यता फार थोडी, आणि दार मात्र उघडं राहतं. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो अपडेट न केलेल्या मशिनांवर, एका मशिनवरून दुसऱ्यावर, कुणी काही क्लिक न करता. बाहेरच्या कंपनीचा अँटिव्हायरस कधीमधी अडथळा करतो हे खरं. तो पाच मिनिटं थांबवून बघा आणि लगेच परत चालू करा.

ड्रायव्हरच्या फुकट सॉफ्टवेअरबद्दल फार लिहीत नाही. त्याच्यासोबत नको ती जाहिरातवाली सॉफ्टवेअरं येतात. ड्रायव्हर खरंच हवा असेल तर मोबाइल यूएसबीनं जोडून टेदरिंग चालू करा, म्हणजे मोबाइलचं नेट कॉम्प्युटरला मिळेल, आणि लॅपटॉपच्या किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून उतरवा.

फॉरवर्डमध्ये जे नाही ते आपल्याकडं जास्त घडतं, कारण आपल्याकडं लाइट जाते. गंगाखेडला एका घरी मुलीचा स्कॉलरशिपचा फॉर्म अडला होता. वडील म्हणाले, "केबलवाल्याला सकाळपासून फोन लावायलोय, तो म्हणतो लाइन चालू आहे." लाइन खरंच चालू होती, दोन्ही पिंग जात होते. पण जी साइट उघडावी तिथं ब्राउजर 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणत होता. स्क्रीनच्या कोपऱ्यात तारीख होती कित्येक वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली. मदरबोर्डवरचा चपटा सेल, सीआर २०३२, संपला होता. रात्री लाइट गेली, कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर नव्हता, घड्याळ मागं गेलं. साइटच्या सर्टिफिकेटला मुदत असते, आणि कॉम्प्युटरच्या तारखेप्रमाणं ती मुदत अजून सुरूच झालेली नव्हती. तारीख दुरुस्त केली, फॉर्म उघडला. सेल नंतर बदलला.

जुन्या वाड्यांत आणि माळवदाच्या घरांत आणखी एक बघा. हातभर जाडीच्या भिंतीपलीकडं ५ गिगाहर्ट्झचं वायफाय टिकत नाही. तिथं २.४ चं नाव निवडा, किंवा सरळ लॅनची केबल टाका.

एवढं बघूनही ८.८.८.८ ला पिंग जात नसेल आणि मोबाइलवरही नेट नसेल, तर कंपनीला फोन करा. 'नेट बंद आहे' एवढंच सांगू नका. एलओएसचा दिवा कसा आहे, गेटवेला पिंग जातंय का, कधीपासून बंद आहे, हे सांगा आणि तक्रारीचा नंबर मागून घ्या. फोन नंबर बिलावरचा किंवा कंपनीच्या अ‍ॅपमधला वापरा. गुगलवर सापडलेल्या 'कस्टमर केअर'नं स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप टाकायला सांगितलं तर फोन ठेवा, आणि पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.